पिशवीतली चित्रशाळा

देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली इंदुरात चित्रशाळा उभारली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथेच घडले. हा वारसा नुसता मिरवू नये, म्हणून आम्ही काही स्नेही रविवारी सकाळी मुलांसह कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी चित्रे काढायला जमतो. पिशवीत सामान बेताचेच: चिमट्याने कागद अडकवलेला पुठ्ठा, पेन्सिल, खोडरबर, जलरंगांची डबी, एक जाड नि एक बारीक कुंचला, पाण्याची बाटली, जुन्या धोतराचे फडके. ओझे वाढले की मांडामांडीतच वेळ जातो, आणि ऊन कुणासाठी थांबत नाही. सावल्या सरकतात; त्या आधी रेखून घ्याव्यात. शेवटी सर्वांची चित्रे शेजारी मांडली म्हणजे उमगते, एकच छत्री प्रत्येकाने निराळी पाहिली. वाचकहो, ज्या गावात आपल्या पिढ्या नांदल्या, ते गाव मुलांनी डोळे भरून पाहायला नको का?