आमच्या प्रबंधाचा आराखडा वाचणार कोण?

डिसेंबर २०२३. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होते. सारथीच्या फेलोशिपची संख्या २०० वर का आणली, असा प्रश्न विधान परिषदेत विचारला गेला. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उत्तर दिले. राज्यभर संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ही मुले कशावर संशोधन करणार आहेत, हे शासनाने कधी वाचले तरी होते काय?

वाचले नव्हते. वाचण्याची सोयच ठेवलेली नव्हती. बार्टी, सारथी आणि महाज्योती या तिन्ही संस्थांच्या फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा घेण्यात आली. तिथे २०१९ च्या सेट परीक्षेचाच पेपर पुन्हा मुलांच्या हातात पडला. १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा झाली, तेव्हा प्रश्नपत्रिकांचे काही संच सीलबंद नसल्याचे सांगत नागपूरसह अनेक केंद्रांवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. जी यंत्रणा पेपर नीट काढू शकत नाही, ती संशोधकाची गुणवत्ता ठरवणार!

समजा, पेपर फुटला नसता. तरीही प्रश्न उरतोच. चार पर्यायांपैकी एक गोल काळा करणे हे संशोधन आहे काय? संशोधन प्रश्नापासून सुरू होते. प्रश्न कोणता, तो आजवर कोणी का विचारला नाही, उत्तर कसे शोधणार आणि माहिती कुठून आणणार, हे आराखड्यात कळते. अमेरिकेत 'ऑर्गनायझेशन सायन्स' या नियतकालिकाच्या नावाने संस्था-संघटनांचा अभ्यास करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाच्या आराखड्यांची स्पर्धा होते. प्रबंध पूर्ण होण्याआधीच, म्हणजे चूक दुरुस्त करायला वेळ असतानाच, जाणकार मंडळी आराखडा वाचतात आणि त्यातले कच्चे दुवे दाखवतात. बक्षिसापेक्षा हे वाचले जाणे मोलाचे असते.

बाबासाहेबांना अशी संधी मिळाली होती. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेल्या या २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचा उगम कसा झाला, हा प्रश्न त्याने स्वतः मांडला आणि परदेशातील अभ्यासकांनी तो ऐकून घेतला. तिथे कोणी त्याच्या हाती पर्यायी उत्तरांची पत्रिका दिली नव्हती.

आता कोणी म्हणेल, कंपन्या, कार्यालये आणि संघटना यांच्या अभ्यासाशी आपला काय संबंध? तो तर एमबीएवाल्यांचा विषय! हा गैरसमज आपणच मोडला पाहिजे. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विचारले होते की, जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही? तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. गिरणी आधुनिक होती, यंत्र विलायती होते, पण खात्यांची वाटणी मनुस्मृतीची होती. संघटनेचा याहून नेमका अभ्यास कोणता?

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या नावांनी पाठवले. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीय कमी निघाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात देशातील १,००० मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली गेली. त्यांत ९० टक्क्यांहून अधिक संचालक उच्चवर्णीय होते. हे आकडे आपोआप बाहेर आले नाहीत. कुणीतरी आधी प्रश्न विचारला, म्हणून ते बाहेर आले.

असे प्रश्न नागपुरात पावलोपावली आहेत. मिहानमध्ये कंपन्या आहेत आणि आयआयएमही आहे. तिथे सुरक्षारक्षक कोण, सफाईला कोण आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीवर कोण? ठेकेदारी आली तेव्हा सफाई कामगाराच्या आरक्षणाचे आणि बढतीचे काय झाले? आपल्याच पतसंस्था का उभ्या राहतात आणि का बुडतात? वस्तीतल्या मुला-मुलींना हे प्रश्न पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. ते त्यांच्या घरात रोज जेवायला बसतात. कमी आहे ती या प्रश्नांना पद्धतशीर आराखड्यात बसवायला मदत करणाऱ्या माणसांची.

म्हणून मागणी दोन भागांत करावी लागेल आणि त्यांची सरमिसळ होऊ देता कामा नये. पहिला भाग असा की, विद्यापीठाने ज्यांची रीतसर नोंदणी केली आहे, त्या प्रत्येक पात्र संशोधकाला फेलोशिप मिळालीच पाहिजे. तो हक्क आहे आणि हक्काची स्पर्धा लावायची नसते. दुसरा भाग असा की, बार्टीने दरवर्षी प्रबंध-आराखड्यांची खुली स्पर्धा घ्यावी. मराठीत लिहिलेल्या आराखड्याला तोच मान असावा. प्रत्येक आराखड्यावर, तो निवडला जावो वा न जावो, किमान दोन अभ्यासकांचे लेखी अभिप्राय मिळावेत.

'स्पर्धा म्हटली की परीक्षक आले आणि परीक्षक आले की आडनाव आले' ही शंका खरी आहे. थोरात-ॲटवेल यांच्या अभ्यासाने तेच तर दाखवले! यावर उपाय म्हणजे नाव, आडनाव, महाविद्यालय आणि मार्गदर्शक झाकून आराखडा परीक्षकांपुढे ठेवणे. तोंडी मुलाखतीला गुण नकोत आणि अभिप्राय लेखी हवेत. लेखी अभिप्रायाला निदान जाब तरी विचारता येतो.

विद्यापीठांत संशोधन सल्लागार समित्या आहेतच, मग हे कशाला, असेही विचारले जाईल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार या समितीने आराखडा तपासायचा आणि दर सत्रात प्रगती पाहायची असते. ती खरोखर वाचते की सही करून मोकळी होते, हे प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवावरून ठरवावे.

'शिका' याचा अर्थ पदवी मिळवा एवढाच नव्हता. आमच्या पिढीने प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. ते वाचायची तयारी नसलेल्यांनी आम्ही कोणते दिवे लावणार, हे विचारू नये.

जय भीम!