बागेची वही

बागाईतदार बंधूंच्या घरीं गेलें असतां एक विसंगति आमच्या नेहमीं दृष्टीस पडते. कोणाचें किती देणें, सोसायटीचा हप्ता केव्हां, व्यापाऱ्याकडे बाकी किती, हें सर्व चोपडींत लिहिलेलें सांपडतें. परंतु कोणत्या तुकड्यावर कोणतें औषध कोणत्या दिवशीं किती मारलें, असें विचारलें कीं मालक आढ्याकडे पाहूं लागतो. पैशाचा हिशेब कागदावर आणि ज्या कामांतून पैसा यावयाचा त्याचा हिशेब डोक्यांत, ही रीत निदान द्राक्षाच्या धंद्यास तरी आतां परवडणारी नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सन २०१० मधील प्रसंग पुष्कळांस आठवत असेल. युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्यास सीसीसी म्हणतों त्या द्रव्याचा अंश, किलोस ०.०५ मिलिग्रॅम ह्या मर्यादेहून अधिक आढळला व माल तेथें अडकून पडला. येथील तपासणीच्या यादींत त्या द्रव्याचें नांव नव्हतें. तो दोष शेतकऱ्याचा खास नव्हे. पण हें द्रव्य वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठीं मुख्यतः एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वापरीत, आणि प्रश्न निघाला तो पुढल्या वर्षीं माल परदेशीं पोंचल्यावर. इतक्या महिन्यांनीं कोणाच्या स्मरणावर विसंबावयाचें? आपला कोणता तुकडा निर्धोक आणि कोणता शंकास्पद, हें अशा वेळीं वहीवांचून कोणी सांगूं शकत नाहीं.

निर्यातीसाठीं बाग नोंदविणारे म्हणतील, आम्हांस फवारणीची वही ठेवावीच लागते. खरें आहे, परंतु अशा कांहीं वह्या आम्हीं पाहिल्या आहेत. तपासनीस येणार म्हटलें कीं आदल्या रात्रीं एकटाकीं, एकाच शाईनें, चार महिन्यांच्या नोंदी! त्या पानांवर ना पाण्याचा डाग, ना खाडाखोड. असली वही दाखविण्यापुरती; मालकास तिचा काडीचाहि उपयोग नाहीं.

नोंद फवारणी संपतांच व्हावी. तींत औषधाचें बाजारी नांव पुरेसें नाहीं. डब्यावरील मूळ घटकाचें नांव लिहावें, कारण एकच घटक निरनिराळ्या नांवांनीं विकला जातो आणि औषध बदललें ह्या समजुतींत तेंच पुन्हां मारलें जातें. प्रमाण मिलिलिटरांत वा ग्रॅमांत असावें. 'टाकीला दोन झाकणें' ही सूचना मालक ज्या बाटलीकडे पाहून देतो तिचें झाकण निराळें आणि गड्याच्या हातांतील बाटलीचें निराळें! मालक आजारी पडला किंवा परगांवीं गेला, तर हीं झाकणेंच बागेचा कारभार चालवितात.

वहीच्या आरंभीं हंगामाचा आराखडा असावा. फळछाटणीची तारीख तुकड्यागणिक ठरविली कीं काढणीचा सुमार कळतो; मग प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी व काढणी ह्यांमध्यें किती दिवस जावे लागतात तें ध्यानीं घेऊन मागें मोजीत यावें. पाऊस आराखडा जुमानीत नाहीं, असा आक्षेप येईल. सन २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत नाशिककडील बागांनीं तो अनुभव घेतलाच. परंतु पाऊस लागतो तेव्हां सर्व तुकडे एकाच अवस्थेंत नसतात. फुलोऱ्यांतील घडांस गळ व कूज ह्यांचें भय अधिक, नुकत्याच छाटलेल्या तुकड्यास तितकें नाहीं. पंप प्रथम कोठें न्यावयाचा, हें छाटणीच्या तारखा समोर असल्या तर क्षणांत ठरतें. आराखडा बदलावा लागला तर खुशाल बदलावा. मात्र जुनी तारीख खोडून टाकूं नये, शेजारीं नवी लिहून कारण द्यावें. पुढल्या वर्षीं तारखेपेक्षां तें कारणच अधिक उपयोगीं पडतें.

ही वही माजघरांतील कपाटांत ठेवूं नये. औषध कालविण्याच्या जागेजवळ, पाणी उडणार नाहीं इतक्या उंचीवर, टांगून ठेवावी. शाई ओल्या हातानें पसरते, म्हणून पेन्सिलच बरी. आणि ती दोरीनें वहीस बांधलेली असावी, नाहींतर घरांतील मुलें ती पहिल्याच दिवशीं शाळेंत नेतात.