चकचकीत की-बोर्डला मॅट रूप

बंगळुरूच्या सिटी मार्केटजवळचा एस. पी. रोड म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांची पंढरीच! तिथून जवळच, एस. जे. पी. रोडवर, हार्डवेअरची दुकाने आहेत. त्यामुळे नोकरीनिमित्त बंगळुरूत आलेल्या मराठी तरुण-तरुणींना जुना की-बोर्ड घरच्या घरी नवा करावासा वाटला, तर साहित्यासाठी वणवण करावी लागत नाही.

काळ्या, चकचकीत की-बोर्डची हौस चार दिवसांत फिटते. बोटांचे ठसे उमटतात, धूळ उठून दिसते आणि दिव्याची तिरीप नेमकी डोळ्यांत शिरते. गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा प्रकाश परतवतो. त्यावर बारीक चरे पाडले की प्रकाश विखुरतो आणि चकाकी मावळते. हेच चरे रंगालाही घट्ट धरून ठेवतात.

प्रथम केबल किंवा सेल काढावेत. मागचे स्क्रू सोडवावेत. एखादा लेबलखाली दडलेला असतो. आतली सर्किटची पातळ पाने आणि रबर जपून बाजूला ठेवावे. फक्त वरची चौकट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने फिरवावा, त्यानंतर ६०० आणि शेवटी ८०० नंबरचा. ओले घासल्याने प्लास्टिकची भुकटी नाकात जात नाही. चमक कुठेच उरली नाही, की चौकट पुन्हा धुऊन पूर्ण वाळू द्यावी.

अनेक चौकटी एबीएस प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळते. म्हणून थिनरने पुसण्याचा मोह टाळावा. आधी प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि त्यावर मॅट रंग, दोन्ही साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून फवारावेत. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. तीन-चार पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये डब्यावर छापलेला वेळ जाऊ द्यावा. वरून सुकलेला रंग आत कच्चा असतो, म्हणून जोडणीची घाई नको.

बंगळुरूच्या पावसाळी हवेत हे काम काढू नये. रंगातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंग पांढुरका पडतो. जानेवारी ते मार्चचे कोरडे दिवस उत्तम.

बटनांना मात्र रंग लावू नये. अक्षरे झाकली जातात आणि बोटांच्या घर्षणाने रंगही टिकत नाही. लॅपटॉपवर तर हा प्रयोग नकोच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा फवारा ज्वालाग्राही असतो. बंद खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरात समई तेवत असताना तो मारू नये. मोकळी गच्ची बरी. साधा कापडी मास्क रंगाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. लहान मुले, दमेकरी आणि गर्भवती स्त्रिया यांना दूर ठेवावे.

पहिला प्रयोग बिघडलेल्या की-बोर्डवर करावा. तोही फसला तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू झाले आहेत. अधिकृत संकलन केंद्रातच तो द्यावा. हात बसला, की मगच रोजच्या वापरातला की-बोर्ड उघडावा.