तबकडी बिघडली, की आपली रीत चुकली?



इंदापूरचा एक विद्यार्थी मध्यंतरी माझ्याकडे एक डीव्हीडी घेऊन आला. तुकाराम महाराजांच्या पालखीचे बेलवाडीचे गोल रिंगण तिच्यात होते आणि कडेला टाळ वाजवीत उभे असलेले त्याचे आजोबा. आजोबा आता नाहीत. त्यांचे हलतेबोलते चित्र काय ते एवढेच. मोबाइलवर पाहता यावे म्हणून त्याने तबकडीचे एमपी४ फाइलीत रूपांतर केले. पण धावत्या अश्वाच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसू लागले, माणसे उंच व किडकिडीत झाली, आणि टाळ आधी वाजून हात मागाहून हलू लागले. पाच सॉफ्टवेअर बदलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, तबकडीच खराब आहे. टाकून देतो."

मित्रांनो, ही घाई मला मान्य नाही. रोग न ओळखता औषधे बदलण्यासारखेच हे झाले. यातील प्रत्येक दोष आपले कारण स्वतःच सांगत असतो. आपण फक्त नीट पाहायला हवे.

आधी दाते घ्या. आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. व्हिडिओ कॅमेरा बहुधा प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपत असे : आधी एक सोडून एक अशा ओळी, आणि १/५० सेकंदाने उरलेल्या ओळी. अश्व सेकंदाला १० मीटर धावत असेल, तर तेवढ्या वेळात तो २० सेंटिमीटर पुढे जातो. जुना दूरचित्रवाणी संच हे दोन हप्ते एकामागून एक दाखवी. मोबाइलवर ते एकदम दिसतात, म्हणून दाते! रूपांतर करताना 'डीइंटरलेस' हा पर्याय निवडला की ते जातात. उभी राहिलेली माणसे स्वच्छ आणि धावणारा अश्व तेवढा दातेरी, हीच या दोषाची खूण.

आता आकार. पाल डीव्हीडीवर चित्राच्या ५७६ ओळी व प्रत्येक ओळीत ७२० ठिपके असतात. हे प्रमाण ५:४ झाले. पण पडद्यावर ते चित्र ४:३ किंवा १६:९ असे ताणून दाखवायचे असते आणि तशी सूचना तबकडीवर नोंदलेली असते. ती सूचना हरवली, तर १६:९ चित्रातील वर्तुळाची रुंदी उंचीच्या ७० टक्केच उरते. समोरून दिसणारा एखादा टाळ पडद्यावर पट्टीने मोजा. अंडाकृती भरला, तर योग्य प्रमाण आपण सांगायचे.

आवाजाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा : तफावत कशी आहे? पहिल्यापासून सारखीच असेल, तर आरंभबिंदू चुकला. हळूहळू वाढत असेल, तर वेग चुकला. सेकंदाला २५ ऐवजी २४ चित्रे धरली, तर २४ मिनिटांचे दृश्य २५ मिनिटे चालते आणि आवाज एक मिनिट आधी संपतो. या मुलाच्या फाइलीत नेमके हेच झाले होते. मात्र तफावत एखाद्या ठिकाणी अचानक सुरू होत असेल, तरच तबकडीवर ओरखडा शोधा.

डीव्हीडीवरील माहितीच्या सर्पिल मार्गाच्या दोन वेढ्यांत ०.७४ मायक्रॉन अंतर असते आणि ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर ती माहिती वाचतो. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीमुळे लहान ओरखड्यांत गेलेली माहिती भरून काढता येते. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. मार्गाच्या दिशेने पडलेला ओरखडा लागोपाठची माहिती खातो. मग संपूर्ण तबकडीची नक्कल संगणकावर घ्या आणि रूपांतर त्या नकलेवरून करा. म्हणजे दोष वाचनातला की रूपांतरातला, हे वेगळे कळेल.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांना बहुधा सांकेतिक कुलूप असते. तो बिघाड नव्हे आणि ते फोडण्याच्या भानगडीत पडू नये. मी बोलतो आहे ते घरच्या तबकड्यांविषयी.

कोणी म्हणेल, "बटण दाबले की काम व्हावे, मुलांना हे कशाला?" माझे उत्तर असे, की प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि परिणाम वहीत लिहितो. ती सवय घरी उपयोगी पडत नसेल, तर ते शिक्षण केवळ गुणांपुरते राहिले.

रूपांतर साधले तरी मूळ तबकडी टाकू नका. डीव्हीडी करतानाच चित्रातला काही तपशील गाळलेला असतो. एमपी४ करताना आणखी गळतो. घरी लिहिलेल्या तबकडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, म्हणून ती उन्हापासून दूर ठेवा आणि संगणकावरील नकलेच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा.

त्या मुलाची तबकडी निर्दोष होती. त्याने टाकली असती, तर आजोबांचा टाळ कायमचा थांबला असता. तुमच्याही कपाटात अशी एखादी तबकडी असेल. ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत, तेव्हा या सुटीतच ती बाहेर काढा. आणि काही बिघडलेच, तर आधी वही उघडा!