पैसे आले हे कोणी सांगायचं?

सोनाळ्याच्या एखाद्या संत्रा बागायतदाराने पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी विकायची वेबसाइट काढायचं मनात आणलं, की दोन सल्ले ठरलेले. पहिला शेजाऱ्याचा : पेमेंट गेटवे कशाला, क्यूआर टाका आणि स्क्रीनशॉट मागवा. दुसरा वेबसाइट करून देणाऱ्याचा : फ्रेमवर्क जँगो घ्या की लारावेल, पॅकेज तयार आहे, तासाभराचं काम.

पहिल्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क, पडत नाही. गेटवे मात्र आपलं सेवाशुल्क आणि त्यावर जीएसटी घेतो. गल्ल्यासमोर उभ्या गिऱ्हाइकासाठी क्यूआरला तोड नाही. पण गिऱ्हाईक पाचशे किलोमीटरवर असेल, तर स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तो बनवता येतो, जुना पाठवता येतो. आंबिया बहाराचा माल निघाला की बागेतली तोडणी पाहायची, की बँकेचे मेसेज आणि ऑर्डरी एकेक करून जुळवत बसायचं?

दुसरा सल्ला जास्त घातक, कारण तो जाणकाराच्या तोंडून येतो. तासाभरात होतं ते एवढंच : सर्व्हर ऑर्डर तयार करतो, ब्राउझर गेटवेचं पान उघडतो, पैसे भरून गिऱ्हाईक परत येतं आणि ‘धन्यवाद’ म्हणणारं पान डेटाबेसमध्ये ‘पैसे मिळाले’ असं लिहून टाकतं. (रेझरपे या गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते, 500 रुपयांसाठी 50000. हे विसरलं तर पेटी पाच रुपयांत जाते.) प्रात्यक्षिक छान होतं, बिलही निघतं.

पण त्या ‘धन्यवाद’ पानाचा पत्ता कोणीही हाताने टाइप करू शकतो, हे एक. दुसरं त्याहून नेहमीचं : प्रामाणिक गिऱ्हाईकसुद्धा त्या पानावर परत येईलच असं नाही. कमी मेमरीच्या फोनवर यूपीआय ॲप उघडलं की मागचा ब्राउझर अँड्रॉइड बंद करून टाकू शकतो. सोनाळ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवाच्या जंगलाकडेला, रेंज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि लोकलमध्ये बसलेल्या मुंबईकराचीही तीच गत. मग फोन येतो, “पैशे तं कटले भाऊ, मंग ऑर्डर काऊन दिसत नाई?”

यावर रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं जातं : दुकानदाराकडे खात्रीचा निरोप पोचला नाही, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत, पुढे रोज 100 रुपये भरपाई. नियम चांगलाच आहे, पण इथे तो उपयोगी पडत नाही. बँक आणि गेटवेच्या हिशोबी व्यवहार पुरा झालेला आहे, पैसे बागायतदाराच्या नावावर जमा होणार आहेत. अडलंय ते त्याच्याच वेबसाइटमध्ये.

म्हणून पैसे आल्याचा निरोप गिऱ्हाइकाच्या ब्राउझरकडून घ्यायचाच नाही. तो गेटवेच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला थेट द्यायचा. यालाच वेबहुक म्हणतात. निरोपासोबत गुप्त किल्लीने काढलेली सही येते, जुन्या पत्रांवरच्या लाखेच्या मोहरेसारखी. मजकुराचं एक अक्षरही न बदलता ती तपासायची. इथे फ्रेमवर्क आडवं येतं : बाहेरून आलेली, सीएसआरएफ टोकन (आपल्याच पानावरून आल्याची खूण) नसलेली विनंती जँगो आणि लारावेल दोन्ही फेटाळतात. घाईतला प्रोग्रामर मग सगळ्या साइटचंच संरक्षण काढून टाकतो. सूट द्यायची ती त्या एकाच पत्त्याला, आणि तिथे सहीची तपासणी सक्तीची.

शिवाय तोच निरोप दोनदा येऊ शकतो. पेमेंट क्रमांकावर डेटाबेसमध्ये ‘युनिक’ अट नसेल, तर एकाच पेटीच्या पैशांत दोन पेट्या रवाना होतात. आणि निरोप आलाच नाही, तर रात्री आपणच गेटवेला विचारून अडकलेल्या ऑर्डरी जुळवायच्या.

‘एवढं सगळं मोठ्या कंपन्यांना हवं, दिवसाला दहा पेट्यांना कशाला?’ उलट आहे. मोठ्या कंपनीकडे तक्रारी ऐकायला कॉल सेंटर असतं. बागायतदाराकडे त्याचा स्वतःचा मोबाइल असतो, आणि तोही बागेत असताना वाजतो.

तेव्हा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याने वेबसाइटवाल्याला समोर बसवावं. यूपीआय पिन टाकून पैसे गेले, की तिथल्या तिथे फोन बंद करावा. ऑर्डर तरीही ‘पैसे मिळाले’ अशी नोंदली गेली, आणि एकदाच नोंदली गेली, तर चेक द्यावा.