खबर देणारा माणूस

मे १९९९ च्या आरंभी लडाखातील बटालिक भागात आपला हरवलेला याक शोधीत निघालेल्या ताशी नामग्याल नावाच्या मेंढपाळास दुर्बिणीतून पठाणी वेषातील काही अनोळखी इसम डोंगरावर खोदकाम करताना दिसले. ही खबर त्याने फौजेस कळविली, तेव्हा कुठे कारगिलच्या घुसखोरीचा आपल्याला सुगावा लागला. हिवाळाभर त्या शिखरांवर हेलिकॉप्टरांच्या फेऱ्या झाल्या होत्या, निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत कागदही साचले होते. पण त्या कागदांचा एकत्र अर्थ लावण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

पुढे के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने या गाफीलपणाची चिकित्सा केली, तिच्या अहवालानंतर नव्या गुप्तवार्ता संस्था निर्माण झाल्या आणि आकाशातून पाहणारी साधनेही वाढली. त्याविषयी तक्रार नाही. परंतु यंत्रास दिसतो तो खंदक. तो खोदणारा आपल्या मुलखातला नव्हे, ही पारख तेथे जन्म काढलेल्या माणसालाच असते, आणि ती तो कोणाच्या कानी घालील हे, ठाण्यावरील जवान एरवी त्याच्याशी कसे बोलतात, त्याच्या घोड्या-खेचरांचे भाडे वेळेवर चुकते करतात की नाही, यावर ठरते.

याहून कठीण प्रश्न खबर दिल्यानंतरचा आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये काश्मीरात टंगमर्गजवळ मोहम्मद दीन या गुज्जर तरुणास सशस्त्र घुसखोरांनी पैशाचे आमिष दाखवून माहिती आणावयास सांगितले; होकार भरून निघालेला तो तरुण थेट पोलीस ठाण्यावर गेला, आणि पाकिस्तानच्या ‘जिब्राल्टर’ मोहिमेचे बिंग फुटले. सरकारने त्यास पद्मश्री दिली. १९९० साली दहशतवाद्यांनी त्याची हत्या केली. पलटणी बदलतात, अधिकाऱ्यास बढती मिळून तो दुसऱ्या मुलखात रुजू होतो. खबऱ्याची मात्र बदली होत नाही. त्यास त्याच कुरणात गुरे चारावयाची असतात आणि त्याच शेजाऱ्यांच्या लग्नकार्यास जावयाचे असते. २०२१ साली अमेरिकी फौज काबूल सोडून गेली तेव्हा मागे राहिलेल्या दुभाष्यांची गत निराळी नव्हती.

बहिर्जी नाईकांचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यांना वाटेवर ज्यांनी बातम्या पुरविल्या त्यांची नावे मात्र कोणत्याही बखरकाराने नोंदविली नाहीत, आणि कदाचित तेच त्यांच्या हिताचे झाले असेल, असे मला कधी कधी वाटते. गौरव हा बातमीदारास नेहमीच मानवतो असे नाही.

म्हणून सरकारला माझी विनंती एवढीच की, खबर स्वीकारतानाच ती देणाऱ्याच्या कुटुंबाच्या संरक्षणाची आणि वेळ पडल्यास स्थलांतराची तजवीज करावी. मानपत्र द्यायचेच असेल तर ते त्याची संमती घेऊन मागाहून द्यावे.