गाळातल्या पाण्याचे काम

कोकणात नवी कूपनलिका खणली की काही घरांत एक अनुभव येतो. बादलीत भरताना पाणी नितळ दिसते. रात्रभर ठेवले की सकाळी तळाशी तांबूस साका बसलेला. पाणी बिघडले, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे जमिनीखाली, प्राणवायू नसलेल्या जागी, त्यात लोह विरघळलेले होते. हवा लागली आणि ते पुन्हा घन झाले. असाच प्रकार महासागराच्या तळाशी लाखो वर्षे चालू आहे. त्यातून जे तयार झाले, त्यावर आता साऱ्या जगाचा डोळा आहे.

ते म्हणजे मँगनीजचे गोटे. दिसायला काळपट, बटाट्याएवढे. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि थोडे कोबाल्ट असते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत ते वर काढले. आपल्याकडे पहिला गोटा हाती आला तो २६ जानेवारी १९८१ रोजी, ‘गवेषणी’ जहाजावर. गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ती मोहीम. आज मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी भारताकडे आहे. तिथे पाणी सुमारे पाच किलोमीटर खोल.

गोटा वाढतो कसा? शार्कचा दात किंवा दगडाचा कपचा घेऊन त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे चढत जातात. थोडी सामग्री वरच्या समुद्राच्या पाण्यातून येते. पण पुष्कळ ठिकाणी खरा पुरवठा खालून होतो, आणि हीच गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. तळावरचा गाळ म्हणजे कोरडी माती नव्हे. त्याच्या कणाकणांमध्ये पाणी भरलेले असते. वरून पडणाऱ्या मृत सूक्ष्मजीवांचे अवशेष जिवाणू खातात. त्यासाठी ते आधी पाण्यातला प्राणवायू वापरतात, मग नायट्रेट आणि तेही सरले की मँगनीजच्या ऑक्साइडमधला प्राणवायू. तो काढून घेतला की मँगनीज विरघळते, सोबत अडकलेले निकेल व तांबे सुटते. हे पाण्यातले धातू हळूहळू वर सरकतात आणि प्राणवायूच्या थरात पोचताच पुन्हा घट्ट होऊन गोट्याला चिकटतात. आपली बादली आठवा! फरक वेगाचा. वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, जलद झालीच तर काही सेंटीमीटर. गाळ त्याहून कितीतरी भरभर साचतो, तरी गोटे पुरले न जाता वरच राहतात. तळावरचे प्राणी त्यांना हलवत असावेत, असा एक तर्क आहे.

तेव्हा गोटा हा वाटेत पडलेला दगड नाही. खालच्या गाळाशी त्याचे देणेघेणे आहे. यंत्र गोटे उचलते तेव्हा हा वरचा, जिवंत थरही खरवडून निघतो. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या पॅसिफिकमध्ये, सुमारे ४,१०० मीटर खोलीवर, तळावरून चक्क नांगर फिरवून पाहिला. २०१५ मध्ये परत गेले तेव्हा तास जसेच्या तसे होते. तिथल्या जिवाणूंचे काम काही जागी चौपटीने मंदावलेले आढळले आणि ते पूर्ववत व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील, असा अंदाज निघाला. ही केवळ जिवाणूंची गोष्ट. गोट्यांना तर लाखो वर्षेही अपुरी.

निकेल-कोबाल्टची गरज खोटी नाही. विजेच्या गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांना ते लागतात, आणि कोबाल्ट आपण जवळपास सारे बाहेरूनच आणतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. त्याच वर्षी ‘वराह’ हे खाणयंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले गेले. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी. परंतु किती टन गोटे मिळतील याचा हिशेब जितक्या आवडीने मांडला जातो, तितक्या आवडीने गाळातल्या पाण्याचा मांडला जात नाही. तो मांडायला आपल्याकडे साधन आहे. १९९७ मध्ये भारताने मध्य हिंदी महासागरात मुद्दाम गाळ ढवळण्याचा प्रयोग केला होता. त्या जागी आता पुन्हा जहाज न्यावे, गाळाचे नमुने काढावेत, त्यातल्या पाण्यात प्राणवायू आणि मँगनीज किती खोलवर आहे ते मोजावे, आणि आकडे लोकांपुढे ठेवावेत. खाणीचा परवाना मागण्याआधी.